'काँटॅक्ट' कुणाशी? त्वचेच्या तक्रारींचे शब्द शिकवताना



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झाला आहे. म्हणून आधी चूक सांगते, मग पाठ.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. पावसाळ्याचे दिवस. वर्गातल्या एका मुलीच्या दोन्ही पावलांवर लालसर, खरखरीत चट्टे आले होते. ती सारखी खाजवायची. खाजवून लस यायची, तिची खपली धरायची, ती पुन्हा निघायची. मला वाटलं खरूज नाहीतर नायटा. वडिलांना निरोप पाठवला. ते मजुरीचा एक दिवस बुडवून तिला तालुक्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन शाळेत आले. चिठ्ठीवर दोनच शब्द वाचता आले, 'काँटॅक्ट डर्मटायटिस'.

'डर्म' म्हणजे त्वचा, एवढं मला ठाऊक होतं. आणि 'काँटॅक्ट' तर कोरोनापासून तोंडपाठ. हाय रिस्क काँटॅक्ट, लो रिस्क काँटॅक्ट, असल्या याद्या आपण शिक्षकांनीच गावोगाव फिरून भरल्यात. मी अर्थ लावला, काँटॅक्टने पसरणारा त्वचेचा रोग. वडील म्हणाले, "मॅडम, डॉक्टर म्हनले चपलीनं झालंय." मी म्हटलं, "चपलेतून झालं असेल हो, पण बाकीच्या पोरांना नको लागायला." ते पुढे काही बोलले नाहीत.

मी तिला दाराजवळ वेगळं बसकर दिलं. पोषण आहाराच्या पंगतीत शेवटी बसवलं. खेळाच्या तासाला साखळी करताना मुलींनी तिचा हात धरला नाही, ते मी पाहिलं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. डॉक्टर मॅडमनी तिचं पाऊल उघड्या हाताने उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवलं आणि विचारलं, "हिला वेगळं का बसवलंय?" मी चिठ्ठीतलं सांगितलं. त्यांनी मुलीला बाहेरची चप्पल घालून यायला सांगितलं. चपलेचा पट्टा जिथे टेकत होता, नेमका तिथेच चट्टा होता. दोन्ही पायांवर, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. "हे रबराचं आहे मॅडम. काँटॅक्ट आहे तो हिचा आणि चपलेचा. तुमचा आणि हिचा नाही."

वडील जे पहिल्या दिवशी सांगत होते तेच. मी ऐकलं नव्हतं.

संसर्गजन्य आणि संपर्कजन्य

काँटॅक्ट डर्मटायटिसला मराठीत 'संपर्कजन्य त्वचादाह' म्हणतात. हा शब्द 'संसर्गजन्य' या शब्दाशेजारी फळ्यावर लिहून बघा. सुरुवात सारखी, शेवट सारखा, मधला तुकडा तेवढा वेगळा. घाईत वाचणारा मोठा माणूसही फसतो. त्यात आपण रोजच्या बोलण्यात 'रोग संपर्कातून पसरतो' असंही म्हणतो, म्हणजे गोंधळाला आणखी जागा.

मुलांना मी आता असं सांगते. संसर्गात जंतू येतो, संपर्कात वस्तू येते. खरूज होते ती डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या एका किड्यामुळे, नायटा होतो बुरशीमुळे. हे दोन्ही एकाकडून दुसऱ्याकडे जातात, टॉवेल, कपडे, अंथरूण यांतूनही जातात. त्यांना संसर्गजन्य म्हणायचं. संपर्कजन्य त्वचादाहात मात्र एखादा पदार्थ त्वचेला लागतो आणि त्वचा बिथरते. त्या मुलीच्या शेजारी तुम्ही वर्षभर बसलात, तिच्या पायाला हात लावलात, तरी तिचा चट्टा तुमच्याकडे येणार नाही.

जड शब्द फोडून दाखवला की मुलांची भीती जाते. 'डर्म' म्हणजे त्वचा आणि 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. मग टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस हे शब्द फळ्यावर घ्या. मुलं शेपूट लगेच ओळखतात. माझ्या वर्गातल्या एकाने 'होमवर्कायटिस' असा रोग शोधून काढला. मी तो फळ्यावर लिहिला आणि नंतर पुसला, कारण त्याच दुपारी केंद्रप्रमुख यायचे होते.

घरातले शब्द आधी

वैद्यकीय शब्दांकडे जाण्याआधी मुलांकडचे शब्द काढून घ्या. ज्ञानेंद्रियांचा पाठ घेताना मी विचारलं, "अंगाला काही लागून त्रास झाला तेव्हा कसं वाटलं?" शब्दांचा पाऊस पडला. खाजतं, आग होते, चुरचुरतं, टोचतं, हुळहुळतं. आणि काय दिसलं, असं विचारल्यावर पुरळ, चट्टा, फोड, गांधी. (गांधी म्हणजे गांधीजी का, हा प्रश्न येणारच. तयारीत राहा.)

हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे मुलांना कळायला हवं. पुरळ म्हणजे बारीक दाणे. चट्टा म्हणजे पसरट लाल डाग. फोडात पाणी असतं. गांध ही फुगीर असते, अचानक उठते आणि बहुतेक वेळा काही तासांत मावळते. एके ठिकाणची मावळते तोवर दुसरीकडे उठते. चट्टा तसा जात नाही, तो दिवसचे दिवस बसून राहतो. 'पित्त उठलं' हे आपण गांधींसाठी म्हणतो, पण पुष्कळ घरांत चट्टा असो, फोड असो, सगळ्यालाच पित्त म्हणतात आणि आमसुलाचं पाणी लावून मोकळे होतात. डॉक्टरांसमोर 'पित्त झालं' म्हणणं आणि 'तीन दिवसांपासून हातावर पाण्याचे फोड आहेत आणि खाज आहे' म्हणणं, यात किती फरक आहे बघा.

सगळ्यांना होतं की एखाद्यालाच?

त्वचेला लागून त्रास देणाऱ्या पदार्थांचे डॉक्टर मुख्यतः दोन गट करतात. पहिला क्षोभक पदार्थांचा, इंग्रजी शब्द इरिटंट. मिरची, चुना, फिनाईल, कपड्यांचा सोडा, ओलं सिमेंट, बॅटरीतलं ॲसिड. हे पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा वेळ लागले तर कुणालाही त्रास देतात. कुणाची कातडी जाड म्हणून थोडा उशीर होईल, एवढंच. सुरण, अळू यांच्या खाजेचंही असंच. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. म्हणून तर आई सुरण चिरण्याआधी हाताला तेल लावते. खाजकुयलीच्या शेंगेवरची लव कुणाच्याही अंगावर टाका (टाकू नका), तो नाचणारच.

दुसरा गट ॲलर्जनचा, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचा. इथे गंमत अशी की तोच पदार्थ शंभर जणांना काही करत नाही आणि एखाद्याला हैराण करतो. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. त्यासाठी त्यांनी 'वेगळं' आणि 'कार्य' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द घेतले. शरीराचं वेगळंच वागणं, असा भाव. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा सुंदर शब्द आहे, वावडं. 'तिला वांग्याचं वावडं आहे' म्हटलं की वांगं वाईट आहे असं कुणी समजत नाही, आणि तिच्या शेजारी बसल्याने आपल्यालाही वावडं होईल असंही समजत नाही. मुलीच्या चिठ्ठीवर 'हिला चपलेतल्या रबराचं वावडं आहे' असं कुणी लिहिलं असतं, तर माझ्याकडून ते घडलं नसतं. रबर लवकर पक्कं व्हावं म्हणून त्यात थायुरामसारखी रसायनं घालतात. पाय ओला असला, घामेजला की ती त्वचेत उतरतात. म्हणून पावसाळ्यात तिचा त्रास वाढलेला.

या दोन गटांच्या मध्ये कुठेतरी आपला बिब्बा बसतो, आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं.

बिब्बा

आताच्या मुलांना बिब्बा दाखवावा लागतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला त्याचा रस वापरत. एकदा लागला की धुण्याने जात नाही असा काळा डाग पडतो. इंग्रजीत त्याला खूण करायचं फळ अशा अर्थाचंच नाव आहे. त्याच्या आतली गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो, पण टरफलातला काळा रस त्वचेला लागला तर फोड येतात, सुजतं, आग होते. त्याला आपण 'बिब्बा उतला' म्हणतो. या एका प्रकारच्या त्वचादाहासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र क्रियापद आहे, हे मुलांना जरूर सांगा. कुणाच्या चांगल्या चाललेल्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचारही याच फळाचा.

बिब्बा, काजू, आंबा आणि चारोळी ही झाडं एकाच कुळातली. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागून कोकणात काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं सोलवटतात, ते याच जातीच्या रसायनांनी. आणि मे महिन्यात देठाजवळचा चीक न पुसता कैरी तोंडाला लावली की ओठांच्या कडेला फोड येतात, तेही याच कुळाचे. अमेरिकेत जंगलात फिरणारे लोक पॉयझन आयव्ही नावाच्या वेलीला घाबरतात, ती याच घराण्यातली. बिब्ब्याचा रस जाळतोही आणि वावडंही निर्माण करतो. एकदा जोरात उतलेल्या माणसाला पुढच्या वेळी थोडा रसही पुरतो. पायात काटा मोडला, भेगा पडल्या की बिब्ब्याचा चटका देणारी आजी तुमच्याही गावात असेल. आजीचा मान ठेवून सांगते, लहान मुलांवर हा प्रयोग नको.

"काल लावलं तेव्हा तर काही झालं नाही"

पालकहो, हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मिरची लागली की आग लगेच होते, म्हणून कारण शोधावं लागत नाही. संपर्काच्या ॲलर्जीचं तसं नाही. पदार्थ पहिल्यांदा लागतो तेव्हा बहुधा काहीच दिसत नाही, पण शरीराच्या संरक्षक पेशी त्याची नोंद करून ठेवतात. मी मुलांना सांगते, शरीराच्या हजेरीपटावर त्याचं नाव चढतं. हे नाव कधी काही दिवसांत चढतं, कधी वर्षानुवर्षं वापरल्यावर. नंतर तो पदार्थ पुन्हा लागला की पेशी ओळखतात आणि साधारण एक ते तीन दिवसांत चट्टा उठतो. रविवारी लग्नात मेंदी काढली, मंगळवारी फोड आले, आणि दोष मिळतो सोमवारी खाल्लेल्या अंड्याला!

मेंदीचंच घ्या. साध्या हिरव्या मेंदीने त्रास होणं फार क्वचित. पण लवकर आणि काळीभोर रंगावी म्हणून काही कोनांत केस काळे करायच्या रंगातलं रसायन मिसळतात, पॅराफेनिलीनडायअमिन, थोडक्यात पीपीडी. त्याची ॲलर्जी झाली की मोर, कुयरी, वेलबुट्टी जशी काढली तशीच फोडांत उमटते. एकदा ही ॲलर्जी बसली की बहुधा जन्मभर राहते, आणि मोठेपणी केसांना रंग लावल्यावर डोकं, चेहरा सुजतो. आठ वर्षांच्या मुलीच्या हातावर दोन तासांत काळी होणारी मेंदी काढण्याआधी एवढा विचार करावा.

टिकलीचं दुखणं वेगळं. तिच्या मागच्या गोंदात काही वेळा एक रसायन असतं, पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल. त्याने खाज येते, आणि काही जणींच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, कारण ते रसायन त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं. मग घरात कुजबुज सुरू होते, कोड आहे का? लग्नाचं कसं होणार? आधी टिकली थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि खरोखर कोड असलं तरी तोही संसर्गजन्य नाही, हे वर्गात मोठ्याने सांगायला विसरू नका.

बाकी आकार ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो. कानाच्या पाळीला आणि बेंबीखाली चट्टा असेल तर काय लागत असेल? नकली कानातलं आणि पँटचं धातूचं बटण, म्हणजे निकेल. मनगटाभोवती पट्टा? घड्याळ. पापण्या, मान, कोपराची घडी अशा उघड्या जागी, घरातल्या शेतात राबणाऱ्या माणसाला? तिथे गाजर गवताचा संशय घ्यायचा.

गाजर गवतावर शिक्षकांशी दोन शब्द. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच नावं. मूळचं अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात ते अभ्यासकांच्या नजरेत भरलं आणि पुढे देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने ॲलर्जी होते, आणि वाळलेल्या झाडाचा भुगा हवेतून उडूनही त्वचेवर बसतो. आपण मैदान स्वच्छता म्हणून मुलांना हेच गवत उपटायला लावतो, तेही उघड्या हातांनी. मीही लावलेलं आहे. आता आमच्या शाळेत हे काम मोठी माणसं करतात, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, फुलं यायच्या आत.

चार प्रश्न

मुलांच्या वहीत मी चार प्रश्न लिहून दिले आहेत. काय लागलं? कुठे लागलं? किती वेळाने त्रास झाला? तेच लागलेल्या आणखी कुणाला झाला का? यांची उत्तरं घेऊन गेलं की डॉक्टरांचं निम्मं काम होतं. तरीही कारण सापडलं नाही तर मोठ्या दवाखान्यात पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ थोड्या थोड्या प्रमाणात पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघतात आणि आणखी दोनेक दिवसांनी पुन्हा बघतात. योझेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली, आजही तीच वापरात आहे. पुन्हा का बघतात, हे विचारा मुलांना. वरचा हजेरीपट ज्याला कळला तो उत्तर देतो.

मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणून लावू नका, हे मात्र पालकांना हात जोडून सांगणं आहे. त्या मुलीच्याही पायाला आधी अशीच एक ट्यूब लावून झाली होती. पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असं सगळं एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं. पण नायटा असेल तर स्टिरॉइडने तो आतून पसरतो, आणि जंतूंसाठी घातलेल्या नियोमायसिनची स्वतःचीच ॲलर्जी असलेले लोक आहेत. पदार्थ नुकताच लागला असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवायचं, तो भाग चोळायचा नाही, आणि डॉक्टरांकडे जायचं. कोरडा चुना किंवा सिमेंट असेल तर आधी झटकून मग धुवायचं.

एक प्रकार घाईचा आहे. काही जणांना रबराचे फुगे, हातमोजे किंवा एखादा पदार्थ लागल्यावर काही मिनिटांतच गांधी उठतात. तेवढ्यावर थांबलं तर ठीक. पण ओठ, पापण्या सुजल्या, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर चार प्रश्न विचारत बसू नका, १०८ला फोन करा आणि मुलाला दवाखान्यात पोहोचवा. वर्गात वाढदिवसाला आपण फुगे फुगवतो, म्हणून हे प्रत्येक शिक्षकाला पाठ असावं.

त्या मुलीचं राहिलं. डॉक्टर मॅडम गेल्यावर मी वर्गाला सांगितलं की बाईंचं वाचायचं चुकलं होतं, आणि तिचं बसकर पुन्हा तिच्या मैत्रिणीशेजारी टाकलं. वडिलांना घरी जाऊन भेटले. ते म्हणाले, "असू द्या मॅडम, इंग्रजीच तसली." त्यांनी बाजारातून प्लॅस्टिकचे सँडल आणले आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं. तीनेक आठवड्यांत पाय स्वच्छ झाले. पुढे चार प्रश्नांचा पाठ घेतला तेव्हा 'काय लागलं?' पुढे तिने 'चप्पल' लिहिलं होतं. 'आणखी कुणाला झाला का?' या चौथ्या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'नाही. मी बाईंना सांगितलं होतं.'